तेलाच्या देशाची वाट आणि हातातला कागद



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर त्याने आय.टी.आय.मधून वेल्डरचा कोर्स केला आणि आता तो आपल्याच भागातील एका वर्कशॉपमध्ये काम करतो. चहा होईपर्यंत तो इकडचे तिकडचे बोलत राहिला. मग खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून त्याने माझ्यासमोर ठेवला. आखाती देशातील एका गॅस प्रकल्पावर कामासाठी आलेले ते पत्र होते. येथे मिळतो त्याच्या तिप्पट पगार, राहण्याची सोय आणि दोन वर्षांचा करार. "सर, जाऊ की राहू?" एवढेच त्याने विचारले. दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या आईने मात्र काही विचारले नाही. "गुरुजी, तुम्ही सांगाल तसं," एवढे म्हणून ती गप्प राहिली.

मी इतिहास शिकवणारा माणूस. भविष्य सांगणे हे माझे काम नव्हे. परंतु हा प्रश्न काही आजचा नाही. तेलाच्या कामासाठी घर सोडावे की नाही, हा प्रश्न आपल्या लोकांपुढे शंभराहून अधिक वर्षे उभा आहे. आधीच्या पिढ्यांनी त्याचे काय उत्तर दिले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिले तर आजच्या मुलाला काही उपयोग होईल, अशा समजुतीने हा लेख लिहीत आहे.

आपला मुलूख आणि स्थलांतर

प्रथम आपल्या दाराशी पाहू. इंदापूर तालुका मुळात अवर्षणग्रस्त. नीरेचा डावा कालवा आणि भाटघरच्या धरणाचे पाणी आले म्हणून ह्या मुलखात ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी आपल्या शेजारी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याचे वालचंदनगर झाले. तेथे कामाला आलेले कारागीर, मिस्त्री आणि कारकून गावोगावचे होते. म्हणजे पोटासाठी घर सोडून आलेल्या माणसांनीच आपल्या शेजारचे हे गाव वसवले. आजही दरवर्षी हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या घालतात आणि पट्टा पडला की परत जातात. तेव्हा "परगावी जाणे वाईट" असे म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

परंतु ह्या टोळ्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कामगार घरून निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो. ती फिटेपर्यंत तो बांधलेला असतो. आखातात जाणाऱ्या मुलाचे नेमके उलट होते. येथे मुकादम पैसे देतो, तेथे एजंट पैसे घेतो. मुलगा ते व्याजाने काढतो आणि विमानात बसण्याआधीच बांधला जातो. दोर दोन्हीकडे कर्जाचाच. फरक इतकाच की, एकाचे टोक मुकादमाच्या हाती असते आणि दुसऱ्याचे सावकाराच्या.

सावकार म्हटले की आपल्या भागाला एक जुनी आठवण आहे. १२ मे १८७५ रोजी बारामतीजवळच्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदला गेला आहे. त्या लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. त्यांनी कर्जखते आणि वह्या हिसकावून जाळल्या. वाचता न येणाऱ्या माणसाने ज्या कागदावर अंगठा उठवला, त्याच कागदाने त्याची जमीन नेली होती. पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. वाचकांनी सुप्याचा हा कागद ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

अबादानची पहिली पिढी

आता तेलाकडे वळू. १९०१ साली विल्यम नॉक्स डार्सी ह्या गृहस्थाने इराणच्या शहाकडून तेल शोधण्याची सनद मिळवली. २६ मे १९०८ रोजी मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले. १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली आणि अबादान बेटावर तिचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. कारखाना इराणच्या भूमीवर आणि मालक इंग्रज. मग कुशल हात कोठून आणावयाचे? ते हिंदुस्थानातून नेण्यात आले. फिटर, टर्नर, सुतार, ड्रायव्हर आणि कारकून अशी माणसे मुंबई व कराची बंदरांतून आगबोटीने तिकडे गेली. आखातातील तेलाच्या कामावर गेलेली आपली पहिली पिढी ती हीच.

पगार घरच्यापेक्षा चांगला होता, म्हणूनच ते गेले. परंतु तेथे माणसांची उतरंड होती. वरच्या जागा आणि चांगले बंगले गोऱ्यांना, मधल्या जागा हिंदी लोकांना आणि अंगमेहनतीची कामे बहुतांशी इराणी लोकांना, अशी ती रचना होती. एकाच कारखान्यात घाम गाळणाऱ्यांच्या वस्त्याही वेगळ्या. डिसेंबर १९२० मध्ये तेथील हिंदी कामगारांनी संप केला आणि कंपनीला पगार वाढवून द्यावे लागले. १९२२ मध्ये पुन्हा संप झाला. त्या वेळी मात्र मोठ्या संख्येने हिंदी कामगारांना आगबोटीत बसवून मायदेशी परत पाठवण्यात आले. परदेशी कामगाराची खरी अडचण येथे दिसते. स्वतःच्या गावात संप फसला तर माणूस घरी बसतो. परक्या देशात संप फसला तर तो देशाबाहेर जातो.

दुसरा धडा १९३३ सालचा. त्या वर्षी इराण सरकारने कंपनीशी नवा करार केला आणि परकी नोकर क्रमाने कमी करून त्यांच्या जागी इराणी लोक घ्यावेत, असे कलम त्यात घातले. ह्यात इराणचे काही चुकले, असे म्हणता येणार नाही. आपल्या जमिनीतील तेलावर आपल्या मुलांना काम मिळावे, असे कोणत्या बापाला वाटणार नाही? शेवटी १९५१ साली इराणने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. म्हणजे परक्या भूमीवरील नोकरी ही त्या भूमीची मुले शिकून तयार होईपर्यंतची असते. पुढे २०११ साली सौदी अरबस्तानाने आपल्या नागरिकांना नोकऱ्या देण्यासाठी 'निताकत' योजना आणली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. १९३३ चे ते कलम ज्यांना ठाऊक होते, त्यांना बसण्याचे कारण नव्हते.

रुपयाचे दिवस

आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही, पण एके काळी आखाताच्या अरबी किनाऱ्यावर आपला रुपया चालत असे. तेथील मोती मुंबईच्या बाजारात येत. अरब व्यापारी मुंबईत पेढ्या चालवीत आणि औषधपाण्यासाठी व शिक्षणासाठीही इकडे येत. जपानी कृत्रिम मोती बाजारात आले आणि त्यातच १९२९ नंतरची जागतिक मंदी पडली. त्या धंद्याचे कंबरडे मोडले. त्यानंतर तेल लागत गेले. १९३२ मध्ये बहारीन, १९३८ मध्ये सौदी अरबस्तान आणि कुवेत, १९५८ मध्ये अबुधाबी. रुपया मात्र चालूच होता. १९५९ मध्ये भारत सरकारने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे दिनार चालू केले. जून १९६६ मध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्यांनीही एक एक करून रुपयाची संगत सोडली.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, श्रीमंती ही कोणत्याही किनाऱ्याची कायमची मिरासदारी नसते. ज्या किनाऱ्यावरून लोक मुंबईकडे आशेने पाहत, त्याच किनाऱ्याकडे वीस-पंचवीस वर्षांत मुंबईचे लोक आशेने पाहू लागले.

१९७३ नंतरची रीघ

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला तेलाचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत अकरा डॉलरच्या वर गेला. आखाती राज्यांकडे पैशाचा ओघ लागला. रस्ते, बंदरे, कारखाने आणि इस्पितळे एकदम उभारावयाची होती आणि हात कमी होते. इकडे महाराष्ट्र १९७२ च्या भीषण दुष्काळातून नुकताच उठत होता. अशा वेळी रीघ लागली नसती तरच नवल.

आपल्या राज्यात ह्या वाटेने सर्वांत पुढे गेला तो कोकण. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील, विशेषतः खाडीकाठच्या मुस्लिम गावांतील लोकांना समुद्र परका नव्हता. पिढ्यान्पिढ्या ते आगबोटींवर खलाशी म्हणून जात होते. त्यामुळे आखात त्यांना दूर वाटले नाही. कौलारू घरांच्या जागी सिमेंटचे बंगले आले, बहिणींची लग्ने झाली, गावच्या शाळा-मदरशांना देणग्या मिळाल्या. ह्या पैशाने अनेक घरांची उपासमार थांबली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण त्याच घरांतून काही मुले नववीतच दप्तर ठेवून पासपोर्टच्या मागे लागली, हेही तितकेच खरे. दुरून डोंगर साजरे दिसतात. जवळ गेल्यावर चढण दिसते आणि शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या वाट्याला ती सर्वांत खडी येते.

ह्या रीघेबरोबर फसवणूकही आली. खोटे व्हिसा, दुप्पट वसुली, तेथे गेल्यावर बदललेले करार. अखेर संसदेने १९८३ चा उत्प्रवासन कायदा केला. त्याने भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले. सुप्याच्या शेतकऱ्यांनंतर १८७९ चा कायदा आला होता. येथेही आधी माणसे बुडाली आणि कायदा मागाहून आला.

त्याच काळात आणखी एक घटना घडली, ती बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' ह्या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले. मे १९७६ मध्ये 'बॉम्बे हाय'चे उत्पादन सुरू झाले आणि पुढे उरणला प्रकल्प आला. म्हणजे तेलाचे काम म्हटले की आखातच, असे नव्हे. ते आपल्या समुद्रातही आहे. तेथील कित्येक कामगार चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशा पाळीने काम करतात.

मोठ्या पगाराचे कारण

मुलांना मी नेहमी सांगतो, मोठा पगार दिसला की आधी विचारा, तो मोठा का आहे? तेलाच्या कामात त्याची कारणे तीन. काम धोक्याचे, जागा घरापासून दूर आणि नोकरी भावाच्या चढउतारावर टांगलेली.

धोका म्हणाल तर, २७ जुलै २००५ रोजी बॉम्बे हायच्या एका फलाटाला लागलेल्या आगीत २२ जण गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा आणि एक टग बुडाला. त्या दोन्ही दुर्घटना मिळून ८० हून अधिक कामगार दगावले. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या राहत्या इमारतीला आग लागून ४५ भारतीयांचा मृत्यू झाला. हे लोक त्या वेळी कामावरही नव्हते. पहाटे झोपेत होते. "राहण्याची सोय" ह्या दोन शब्दांत किती गोष्टी येतात, हे त्या दिवशी कळले.

अनिश्चितता म्हणाल तर, २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर स्वारी केली आणि आयुष्याची कमाई तेथेच टाकून लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. जॉर्डनमधील अम्मानमार्गे सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. जून २०१४ मध्ये ११० डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आले. त्या वर्षी सौदी अरबस्तानात हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकून पडले. २०२० च्या महामारीत पुन्हा तेच झाले.

येथे थोडे स्वतःविषयी सांगतो. २०१४ साली मी बी.एड. होऊन विनाअनुदानित तुकडीवर तुटपुंज्या मानधनावर शिकवत होतो. आखातातील एका तेल प्रकल्पाच्या ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळण्याची जागा मिळत होती. आईचे दागिने गहाण ठेवण्याचेही ठरले होते. पण माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने आणि इतर कागदांवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले होते. ती दुरुस्ती होण्यात महिने गेले. तोवर तेलाचा भाव कोसळला आणि ती जागाच राहिली नाही. लोक म्हणाले, गुरुजी शहाणे, गेले नाहीत. वाचकहो, ते शहाणपण नव्हते. तो एक चुकलेला उकार होता. तेव्हापासून शाळेत प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाचे नाव मी पालकांचे कागद शेजारी ठेवून लिहितो. कोणाचे जाणे किंवा राहणे माझ्या चुकीने ठरू नये, एवढीच त्यामागे इच्छा.

पाटीवरचा हिशोब

त्या दिवशी मी विद्यार्थ्याला पाटीवर हिशोब करावयास लावला. आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. समजा, तेथे पगार महिना ६०,००० रुपये आणि स्वतःच्या खर्चाला १५,०००. म्हणजे घरी ४५,००० येतील. जाण्यासाठी दरमहा शेकडा तीन व्याजाने दीड लाख काढले. सर्व कमाई फेडीला लावली तरी कर्ज चौथ्या महिन्यात फिटते. दोन वर्षे सुरळीत गेली तर हाती सुमारे ९ लाख १९ हजार उरतात. येथे २०,००० पगार आणि खर्च जाऊन १२,००० शिल्लक धरली तर त्याच दोन वर्षांत २ लाख ८८ हजार होतात. फायदा सहा लाखांहून अधिक. जाण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू. नोकरी सहाव्या महिन्यातच सुटली तर? तेथील शिल्लक सुमारे १ लाख ९ हजार, येथील झाली असती ७२ हजार. फरक फक्त ३७ हजारांचा आणि इकडची नोकरी गेलेली. चौथ्या महिन्याआधी सुटली तर डोक्यावर कर्ज. म्हणजे सारा डाव किती महिने काम टिकते आणि किती कर्ज काढले ह्यावर आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण अंथुर्ण्याच्या माणसाला तरी दुसऱ्याने शिकवावी लागू नये.

नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात. जो लाख-दोन लाख मागतो, त्याच्याकडे पावती मागा. मिळणार नाही. एजंटाची नोंदणी सरकारच्या 'ई-मायग्रेट' व्यवस्थेवर पाहता येते. सरकारने २००३ साली सुरू केलेली प्रवासी भारतीय विमा योजनाही विसरू नये.

आणि एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांत जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते आणि त्या वेळी त्याचा करार तपासला जातो. दहावी झालेल्याला ती लागत नाही. शिकलेला माणूस आपला कागद आपण वाचील, असे सरकार त्यात गृहीत धरते. पण आपली दहावी झालेली मुले खरोखर कागद वाचतात काय? की गुण मिळवून सही तेवढी करावयास शिकतात? हा प्रश्न मी पालकांना विचारतो तितकाच स्वतःला आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना विचारतो.

कागद उघडला तेव्हा

असो. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी शब्दकोश घेऊन ते पत्र ओळीने वाचले. तोंडी त्याला वेल्डर सांगितले होते, कागदावर 'हेल्पर' लिहिले होते. पगाराचा जो आकडा त्याला सांगितला होता, त्यात रोजचे चार तास जादा कामाचे पैसे धरलेले होते. मूळ पगार निम्म्याच्या आसपास. आग लागली, आजार झाला, काम मध्येच थांबले, तर परतीचे तिकीट कोणाचे, ह्याबद्दल एक अक्षर नव्हते. त्याची आई तोवर उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिने पहिल्यांदा तोंड उघडले. "म्हणजे ह्यात माझ्या पोराचा हुन्नर लिहिलेलाच नाही?" शंभर वर्षांचा इतिहास मी सांगितला, पण नेमके ते बोट तिने ठेवले. अबादानला गेलेल्या कारागिरालाही मान होता तो त्याच्या हुन्नरामुळे. हुन्नर कागदावर नसेल तर तो परक्या मुलखात नुसता हात ठरतो.

वाचकहो, जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. गेलेल्यांच्या पैशाने शाळा उभ्या राहिल्या आहेत. जावे, पण हुन्नराचे प्रमाणपत्र घेऊन, कमीत कमी कर्ज काढून, कागद वाचून आणि परत येऊन काय करावयाचे हे घरच्यांशी ठरवून जावे. राहणाऱ्यानेही भीतीने राहू नये. येथील कामाचा तोच हिशोब मांडून राहावे. म्हातारे आईवडील, तरुण पत्नी, लहान मुले ह्यांच्या एकटेपणाला पाटीवर आकडा नसतो. तो ज्याने त्याने मनाशी धरावयाचा असतो.

माझा विद्यार्थी त्या कागदावर गेला नाही. परंतु त्याने जाणेही सोडलेले नाही. तिरप्या धरलेल्या नळीला चहूबाजूंनी जोड घालावयाची 'सिक्स-जी' नावाची वेल्डिंगची कठीण परीक्षा असते. सध्या वर्कशॉप सुटल्यावर तो रोज तिचा सराव करतो. परीक्षा झाल्यावर पुढचा कागद घेऊन येईन, असे सांगून गेला आहे. शब्दकोश मी कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवला आहे.